काम गेल्यावर कोण? जबलपूर, बिडी आणि बेरोजगारी विम्याचा इतिहास

'बेरोजगारी विमा' हा शब्द अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचला असेल. बहुतेक पुस्तकांत त्याच्यापुढे एक वाक्य असते : भारतात अशी योजना जवळजवळ नाही. ते वाक्य साधारणपणे खरे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. एखादी गोष्ट का घडली, हे जसे आपण विचारतो, तसे ती का घडली नाही, हेही विचारावे लागते. या पाठात आपण तोच प्रश्न एका शहराजवळ उभे राहून विचारणार आहोत. ते शहर म्हणजे जबलपूर.

जबलपूरच का? या एका गावात भारतीय कामगाराची दोन टोके शेजारी शेजारी नांदतात. एका बाजूला संरक्षण खात्याचे कारखाने आहेत. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, वाहन कारखाना १९६९ चा. लष्कराची 'जोंगा' ही गाडी जुन्या माणसांना आठवत असेल. तिच्या नावातले पहिले अक्षर जबलपूरचे आहे. दुसऱ्या बाजूला बिडी आहे. आसपासच्या जंगलातला तेंदूपत्ता, बाहेरून येणारी तंबाखू आणि घराच्या ओसरीत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, यांवर उभा राहिलेला हा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभापासून या भागात पसरला. कारखान्यातल्या कामगाराला भोंगा, हजेरीपट, बिल्ला, पगारपत्रक सगळे होते. बिडी वळणाऱ्या बाईकडे यातले काहीच नव्हते. काम गेल्यावर कोणाला काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे या फरकात दडलेले आहे.

आधी विमा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. शंभर कामगारांनी दरमहा थोडे थोडे पैसे एका निधीत घालायचे, मालकाने आणि सरकारने त्यात भर टाकायची, आणि ज्याचे काम जाईल त्याला दुसरे काम मिळेपर्यंत त्यातून ठरावीक रक्कम द्यायची, ही बेरोजगारी विम्याची मूळ कल्पना. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही निवडक उद्योगांत ती सक्तीने लागू केली. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही मदत म्हणजे दान नव्हे. वर्गणी भरलेल्याचा तो हक्क आहे. दोन, पैसे देणारा निधी हा मालकापासून वेगळा असतो. मालक बुडाला तरी निधी बुडत नाही. ही दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या बेरोजगारीविषयक कराराला १९२१ मध्ये मान्यता दिली होती, आणि १९३८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. करारात विम्याची सक्ती नव्हती, मुख्य मागणी मोफत सरकारी रोजगार केंद्रांची होती. तीही आपल्याला झेपणारी नाही, असे त्या वेळच्या सरकारला वाटले. मधल्या काळात, १९२९ ते १९३१, व्हिटली आयोग देशभर कामगारांची चौकशी करत फिरला. त्याचे एक सदस्य आपले ना. म. जोशी होते. आयोगाने बेरोजगारी विम्याचा विचार केला आणि राष्ट्रीय स्वरूपाची अशी योजना भारतात सध्या शक्य नाही, असे ठरवले. गिरणीतला माणूस गावाहून येतो, गावाला जातो, आज या खात्यात तर उद्या त्या गिरणीत. मग बेकार कोण आणि गावी गेलेला कोण, हे ओळखायचे कसे? ही अडचण खोटी नव्हती. पण तिच्या पोटात एक सोयीचे गृहीतक होते : काम गेले तर कामगाराला त्याचे गाव सांभाळेल. म्हणजे मुंबईच्या गिरणीचा बेरोजगारी विमा रत्नागिरी आणि साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबांनी, एक पैची वर्गणी न घेता, चालवायचा. हे गृहीतक पुढे स्वतंत्र भारतातही बराच काळ टिकले.

आता बिडीकडे येऊ. जो खटला सांगणार आहे तो राज्यशास्त्राच्या आणि कायद्याच्या वर्गात व्यवसाय-स्वातंत्र्याचा खटला म्हणून शिकवतात. मला तो बेकारीचा खटला म्हणून वाचावासा वाटतो.

जबलपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. नागपूरच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये बिडी उत्पादनाचे नियमन करणारा एक कायदा केला. शेतीच्या हंगामात शेतात मजूर मिळावेत, हा त्याचा उद्देश. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने हंगाम ठरवायचा आणि ठरावीक गावांतल्या लोकांना त्या काळात बिडी वळायला बंदी करायची, अशी तरतूद होती. लढाईनंतरचे दिवस होते, धान्याची टंचाई होती. सरकारला पिकाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. १३ जून १९५० रोजी जबलपूर विभागातल्या सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला. त्यात काही गावांतल्या रहिवाशांना बिडी वळण्यास मनाई होती आणि मालकांनाही त्या गावांतल्या माणसांना काम देण्यास मनाई होती. तो हंगाम संपताच ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या काळासाठी दुसरा हुकूम आला.

या हुकुमाचा अर्थ घराच्या ओसरीवरून पाहा. बिडीचे काम बंद, आणि त्याबदल्यात भत्ता काहीही नाही. शेतात जा, मजुरी मिळवा, असे सरकारचे म्हणणे. पण शेतात जाऊ शकत नाहीत त्यांचे काय? म्हातारी, आजारी, अपंग माणसे, तान्ह्या मुलांच्या आया, ज्यांना वाकून लावणी-कापणी होत नाही म्हणूनच ज्या बसून बिड्या वळतात, त्यांचे काय? एका बिडी कारखान्याच्या मालकाने आणि एका कामगाराने वेगवेगळे अर्ज घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. 'चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या नावाने तो निकाल ओळखला जातो. ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी लिहिलेल्या निकालाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. शेतीसाठी मजूर हवेत हे मान्य, पण त्यासाठी सरसकट बंदी हे गरजेपेक्षा फार मोठे हत्यार आहे, असा न्यायालयाचा रोख होता. शेतीकाम न जमणाऱ्यांची अडचणही निकालात स्पष्ट नोंदली आहे.

राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. अनुच्छेद १९ मुळे बिडी वळण्याचा हक्क परत मिळाला, हे उत्तम झाले. पण त्याच घटनेत अनुच्छेद ४१ आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण, अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार उपलब्ध करून द्यावा, असे तो सांगतो. समवर्ती सूचीतल्या तेविसाव्या नोंदीत 'सामाजिक विमा' आणि 'बेकारी' हे शब्द शेजारी शेजारी आले आहेत. घटनाकारांना ही कल्पना ठाऊक नव्हती, असे म्हणता येणार नाही. मात्र अनुच्छेद ४१ मार्गदर्शक तत्त्वांत आहे; त्याच्या जोरावर न्यायालयात जाऊन भत्ता मागता येत नाही. बिडी कामगाराला काम करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, काम नसताना जगण्याची सोय मिळाली नाही.

इतक्यावर गोष्ट संपली नाही. काही वर्षांनी त्याच नावाचा आणखी एक खटला सागरहूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. या वेळी प्रश्न होता, बिडी कारखान्याला माल पुरवणारे 'सट्टेदार' हे कारखाना कायद्याखाली कामगार ठरतात का. मालकाकडून पाने-तंबाखू घ्यायची, ती घराघरांत वाटायची, वळलेल्या बिड्या गोळा करून कारखान्यात आणायच्या, हे सट्टेदाराचे काम. १९५८ मध्ये न्यायालयाने उत्तर दिले : ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कामगार नव्हेत. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर तर्कशुद्ध असेल. पण सट्टेदारच कामगार नसेल, तर त्याच्याही पलीकडे ओसरीवर बसलेली बाई कारखान्याला दिसणार कशी? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांना अखेर कामगार म्हटले. सहा महिने काम केलेल्याला योग्य कारणाशिवाय आणि एक महिन्याच्या नोटिशीशिवाय, किंवा नोटिशीऐवजी पगार दिल्याशिवाय, काढू नये असेही त्यात आले. एका महिन्याची नोटीस हे संरक्षण खरेच, पण काम 'गेले' हे सिद्ध कसे करायचे? बिडीच्या धंद्यात माणसाला कोणी काढत नाही. या आठवड्यात पाने कमी मिळतात, पुढच्या आठवड्यात आणखी कमी, आणि मग सट्टेदार येतच नाही.

आता कारखान्याच्या फाटकाकडे जाऊ. १९५३ साली कापड गिरण्यांत माल साचला. पाळ्या बंद करून हजारो कामगारांना घरी बसवण्याची वेळ आली. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. श्रममंत्री होते व्ही. व्ही. गिरी. औद्योगिक विवाद कायद्यात एक नवे प्रकरण आले. तात्पुरते घरी बसवलेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. कायमचे कमी केल्यास एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. घरी बसवल्याची भरपाई पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना नाही, हंगामी कारखान्यांना नाही, बदली कामगाराला नाही. वर्षभराच्या सेवेसाठी २४० दिवसांची हजेरी हवी. हा २४० चा आकडा आजही कोणत्याही कामगार संघटनेच्या कार्यालयात तुम्हाला पाठ म्हणून दाखवतील.

येथे भारताने एक रस्ता निवडला, आणि तो विम्याचा नव्हता. निधी नाही, वर्गणी नाही. ज्या मालकाने काढले त्यानेच पैसे द्यायचे. सरकारला हे स्वस्त पडले आणि राबवायला सोपे वाटले. कामगार संघटनांनाही त्यात एक फायदा दिसला : माणसे काढणे महाग झाले की मालक दहादा विचार करील. फट कुठे होती, ते तीन वर्षांत उघड झाले, आणि ते आपल्या सोलापूर-लातूर पट्ट्यातल्या एका चिमुकल्या रेल्वेने उघड केले.

बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची अरुंद लोहमार्गाची गाडी, कुर्डुवाडी हे तिचे मुख्य ठाणे. १ जानेवारी १९५४ पासून भारत सरकार ती ताब्यात घेणार होते. कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना नोटीस दिली की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची सेवा संपली. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार नोकरीत घेणार होते, आणि बहुतेकांना घेतलेही. पण कंपनीची नोकरी तर संपली होती. नव्या कायद्याप्रमाणे आम्हाला भरपाई द्या, असे कामगार म्हणाले. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : कामगारकपात म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे, धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाईही नाही.

शब्दाचा अर्थ बघता निकाल समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र उलटा होता. दहा माणसे काढली तर भरपाई, सगळीच काढली तर शून्य. सरकारने १९५७ मध्ये पुन्हा अध्यादेश आणि कायदा करून ही चूक दुरुस्त केली. मालकी बदलली आणि सेवा खंडित झाली, किंवा अटी आधीपेक्षा वाईट झाल्या, तर भरपाई. कारखाना बंद झाला तरी भरपाई, पण टाळता न येणाऱ्या कारणाने बंद झाला असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार. कुर्डुवाडीच्या त्या कर्मचाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नसतील, पण देशभरच्या कामगारांना या कायद्याची दोन कलमे त्यांच्या खटल्यामुळे मिळाली.

तरीही मूळ दोष राहिलाच. भरपाई देणारा तोच, जो बुडतो आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर आणि पुढे नागपूरपर्यंत गिरण्या बंद पडत गेल्यावर हे सगळ्यांनी पाहिले. बंद कंपनीच्या मालमत्तेवर आधी बँकांचा हक्क, मग उरलेसुरले कामगाराला. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीला आणली गेली. बरोबरीला आली खरी, पण गिरणीची जागा विकली जाईपर्यंत घरात काय शिजवायचे, हे त्या कलमात नव्हते. ब्रिटनचा १९११ चा निधी मालकापासून वेगळा होता, हे सुरुवातीला मी लक्षात ठेवायला सांगितले होते, ते यासाठी.

मग आपल्याकडे विमा नव्हताच का? होता. बी. पी. आदारकर यांचा औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते त्या काळातला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात, मृत्यू, औषधोपचार : सगळ्यांसाठी वर्गणी आणि निधी. फक्त बेकारी वगळली. आजारी माणूस डॉक्टर तपासू शकतो, बेकार माणूस कोण तपासणार, हा व्हिटली आयोगाचा जुना प्रश्न तिथे पुन्हा उभा होता. शिवाय मंदी आली की सगळ्यांची कामे एकदम जातात, साथीच्या रोगासारखी; निधीला ते झेपेल का, ही भीती. ती रास्त आहे. पण म्हणूनच तर अशा निधीला सरकारी खांदा लागतो.

जबलपूरचे तोफखान्याचे कामगार या योजनेच्याही बाहेर होते, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ज्या सरकारी कारखान्यांत तितक्याच किंवा जास्त सोयी होत्या, त्यांना हा कायदा लागू नव्हता. सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन, वसाहत, दवाखाना : हाच त्यांचा विमा. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे अध्यक्षपद एस. एम. जोशी यांनी भूषवले होते. त्या संघटनेच्या ताकदीमागे या कायम नोकरीचा आधार होता. पण त्याच फाटकातून कंत्राटदाराचा माणूसही आत जातो. कंत्राट संपते तेव्हा त्याला कोणी काढत नाही, त्याचा पासच संपतो.

बेकारीचा भत्ता विमा महामंडळात शिरला तो थेट १ एप्रिल २००५ रोजी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाबाहेरच्या कारणाने कायमचे मोठे अपंगत्व आले, तर निम्मा पगार, सुरुवातीला सहा महिने. अट मात्र पाच वर्षांच्या वर्गणीची; पुढे ती सैल झाली आणि मुदत वाढली. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली : सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. पंधरा हजार पगार असलेल्याला महिन्याला पावणेचार हजार. तुम्ही भाड्याने राहत असाल तर तुमच्या खोलीच्या भाड्याशी ही रक्कम ताडून बघा.

मार्च २०२० मध्ये सगळा देश एकदम थांबला, आणि 'बेकार कोण हे ओळखायचे कसे' या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांत सापडले. भत्ता २५ वरून ५० टक्के झाला. नव्वद दिवस वाट पाहण्याऐवजी तीस दिवसांनी अर्ज करता येऊ लागला. मालकाच्या शिफारशीची गरज राहिली नाही. कामगाराने थेट शाखेत अर्ज द्यायचा. लगतच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी ही मुख्य अट. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी अशक्य म्हटलेली तपासणी संगणकातल्या वर्गणीच्या नोंदीवरून होऊ लागली. अर्थात ज्याची नोंद आहे त्याचीच. त्या उन्हाळ्यात जबलपूरवरून जाणाऱ्या महामार्गांवर उत्तरेकडे चालत निघालेल्या अनेकांची नोंद कुठेच नव्हती, आणि त्यांना सांभाळायला पुन्हा एकदा त्यांचे गावच पुढे आले. तेथे निदान २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे काम होते. त्या कायद्याची कल्पना वि. स. पागे यांच्या महाराष्ट्रातल्या योजनेत रुजलेली. काम मागूनही पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, ही तरतूद त्यात होती. खरा बेरोजगारी हक्क आपल्याकडे शहरातल्या कामगाराआधी गावातल्या मजुराला कागदावर मिळाला, हे आपल्या इतिहासाचे एक वेगळेपण.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशभरातले कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खमरिया गेले पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे, ओतशाळा नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, गन कॅरेज कानपूरच्या कंपनीकडे, वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडीच्या कंपनीकडे. कामगार सरकारी नोकरच राहतील आणि कंपनीत प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाईल, असे ठरले, पहिल्यांदा दोन वर्षांसाठी. त्याआधी जूनमध्ये आलेल्या अध्यादेशाने संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घातली होती. बार्शीला मालकी कंपनीकडून सरकारकडे गेली होती. येथे ती खात्याकडून कंपनीकडे गेली. आपण नेमके कोणाचे नोकर, हा कुर्डुवाडीचा प्रश्न आता खमरियाच्या फाटकावर चहा पिताना निघतो.

आणि बिडी? वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये बिडीवरचा कल्याण उपकर संपला. ओसरीवरच्या बाईकडे ओळखपत्र असते, कधी सट्टेदाराने भरलेली नोंदवहीही असते. तुमच्यापैकी कोणी जबलपूर, सागर किंवा दमोहकडचे असाल, तर पुढच्या सुट्टीत अशी एक नोंदवही मागून पाहा आणि एका वर्षात तिच्यात किती दिवस भरले आहेत, ते मोजा.